गिरणीवाले जमशेटजी



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे अध्यक्षीणबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाणसामानाच्या यादीपलीकडे लेखणी क्वचितच हाती धरली. पण गेल्या उन्हाळ्यात आपल्या पापड-कुरडयांच्या कामात जी कुरबूर झाली, तिच्यापायी एका माणसाचे चरित्र मी मन लावून वाचले. कुरबूर तुम्हांला ठाऊक आहेच. ऐन हंगामात कोणी ना कोणी न सांगता घरी राहते, म्हणून अशांची मजुरी कापावी, असा ठराव बैठकीपुढे आला होता.

जमशेटजी टाटांचे नाव मिठाच्या पिशवीवरून लेकराबाळांनाही माहीत आहे. त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेत नवसारीला, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वडिलांनी मुंबईत व्यापार मांडला आणि शिक्षण झाल्यावर मुलगाही त्यातच शिरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्या वेळी जमशेटजी विलायतेत होते. पेढी बुडाली, पण ते तोंड लपवून बसले नाहीत. देणेकऱ्यांपुढे त्यांनी सगळा हिशेब उघडा मांडला. मला वाटते, पुढचे सारे तेथूनच सुरू झाले.

आता आपल्या भागाची गोष्ट. माझे माहेर अकोल्याकडचे, सासर अमरावतीचे. दोन्हीकडे शेतात पऱ्हाटीच. आपल्या वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून रेल्वेने मुंबईला जाई, तेथून बोटीने विलायतेला, आणि तिकडचे कापड पुन्हा आपल्याच बाजारात विकायला येई. जमशेटजींनी विचार केला की, कापसाने गिरणीकडे जाण्यापेक्षा गिरणीनेच कापसाकडे यावे. नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोचली होती. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसाही जवळ. त्यांनी शुक्रवारी तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि ती भरून काढू लागले. एका मारवाडी पेढीवाल्याने कर्ज नाकारले. हा गृहस्थ सोने मातीत घालतो आहे, असे त्याला वाटले. पुढे त्यानेच आपली चूक मोकळेपणाने कबूल केली, असे सांगतात.

१ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. पहिली यंत्रे स्वस्तातली निघाली आणि ती बदलावी लागली. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतले गृहस्थ व्यवस्थापक होते. गिरणीचे काम त्यांना नवे, पण माणूस मोठा हुशार.

आणि अडचण कोणती, तर आपलीच! माणसे चार दिवस येत, हाती पैसा आला की घरी राहत. शेत, लग्न, जत्रा, काहीही निमित्त होई. दंडाचा बडगा उगारण्याऐवजी तेथे चांगल्या कामाला बक्षिसे ठेवली, वर्षाकाठी समारंभ केला. नागपूरचा उन्हाळा तुम्ही जाणताच. कोरड्या हवेत सूत तुटते आणि माणूसही गळून जातो. म्हणून हवा ओलसर ठेवणारी यंत्रे बसवली. आग लागली तर वरून आपोआप पाणी पडेल, अशी सोयही केली. सूत चांगले निघाले आणि माणसांचा जीवही थोडा सुखावला. यात नफा कोणता आणि दया कोणती, हे मला वेगळे काढता आले नाही. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. सरकारचा तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. पुढे बायांच्या लेकरांसाठी पाळणाघरही झाले.

असे वाचून कोणी समजू नये की तेथे सारे सुखच होते. त्या काळचे गिरणीकाम म्हणजे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. कष्ट होतेच.

१८९२ मध्ये त्यांनी विलायतेला शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी ठेवला, आणि त्यातून बायकाही डॉक्टरकी शिकल्या. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी मुंबईतल्या स्वतःच्या इमारती व जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत तेव्हा ३० लाख रुपये धरली होती. पोलादाचा कारखाना उभा राहण्याआधीच मुलाला पत्र लिहून कळवले होते की, कामगारांच्या गावात रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडे लाव, बागा आणि खेळायला मैदाने सोड. त्यांनी स्वतः यातले काहीच पाहिले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. कारखान्याच्या गावाला पुढे १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळाले.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मोठा मॉल आहे. भाचीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला गेलो तेव्हा मी तेथे सरकत्या जिन्यावर घाबरत उभी होते, आणि तलाव कोणत्या बाजूला, हे दुकानातल्या मुलीला विचारत होते. तिला ते सांगता आले नाही.

आपला मजुरी कापण्याचा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आहे. न सांगता घरी राहणाऱ्यांपैकी दोघींची लेकरे तान्ही आहेत. मंडळाच्या मागच्या खोलीत दोन झोळ्या बांधता येतील. दोरी आणि जुनी लुगडी मी देते.