ट्रॅक्टर नसलेल्यांचा निवेदक

आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी उत्तम कार्यक्रम करणाऱ्या रेडिओ प्रसारकांना एक पुरस्कार दिला जातो. तो आहे जॉर्ज ॲटकिन्स या कॅनडातल्या माणसाच्या नावाचा.

ॲटकिन्स यांचा जन्म १९१७ चा. शेतीचे रीतसर शिक्षण घेतलेले हे गृहस्थ सीबीसी या कॅनडाच्या नभोवाणीवर पाव शतक शेतीविषयी बोलत राहिले. शेतकऱ्यांनी शेजाऱ्याच्या घरी जमून रेडिओ ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, ही चाल त्या देशात १९४१ पासून रुजली होती. आपल्याला ती परकी नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत तोच प्रयोग केला होता.

१९७५ साली ॲटकिन्स झांबियात प्रसारकांच्या एका कार्यशाळेला गेले. बसच्या प्रवासात त्यांनी एका आफ्रिकी सहकाऱ्याला सहज विचारले, की शेतकऱ्यांना सध्या काय सांगता? उत्तर मिळाले, ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा. तुमच्या श्रोत्यांपैकी ट्रॅक्टर किती जणांकडे, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. जवळजवळ कोणाकडेच नव्हता! मजकूर परदेशातून आयता यायचा, तोच वाचला जायचा.

खेड्यातल्या शाखेत बसलेल्या आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटणार नाही. गुळगुळीत कागदावरची सुंदर पत्रके आम्हीही वाटली आहेत. दोन एकर कोरडवाहूच्या धन्याला त्यांचा उपयोग पुडी बांधण्यापुरता.

असले अनुभव आपण चहाबरोबर सांगतो आणि विसरतो. ॲटकिन्स विसरले नाहीत. निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९७९ साली, त्यांनी विकसनशील देशांतल्या शेती-प्रसारकांचे जाळे उभारले. बैल, कुदळ आणि शेणखत यांवर भागवणाऱ्या शेतकऱ्यांनीच शोधलेल्या, कमी खर्चाच्या युक्त्या त्यांनी देशोदेशी फिरून गोळा केल्या. त्यांच्या साध्या भाषेतल्या संहिता प्रसारकांना विनामूल्य पाठवल्या. प्रसारकाने त्या आपल्या बोलीत आणून, आपल्या मातीला जुळवून घ्यायच्या. एका खंडातल्या शेतकऱ्याचे शहाणपण असे दुसऱ्या खंडातल्या शेतकऱ्याच्या कानी पडू लागले. त्या जाळ्यातूनच पुढे 'फार्म रेडिओ इंटरनॅशनल' ही संस्था नावारूपाला आली.

२००९ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ॲटकिन्स गेले. बोलण्यावर पोट असलेल्या या माणसाचे मोठेपण ऐकण्यात होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार घेणाऱ्या प्रसारकाकडून अपेक्षा तेवढीच आहे: बोलण्याआधी ऐकणाऱ्याच्या गोठ्यात काय आहे, ते पाहून यावे.