श्रीशंकराच्या नावाने चाललेले राज्य

१७६७ मध्ये होळकरांच्या दौलतीची सूत्रे अहिल्याबाईंकडे आली, तेव्हा त्यांच्या घरात कर्ता पुरुष उरला नव्हता. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्या वेळी सती जाण्यास निघालेल्या सुनेला सासरे मल्हारराव यांनी विनवून परावृत्त केले आणि पुढे राज्यकारभारात तयार केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्षभरातच पुत्र मालेरावही गेला. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी, माणकोजी शिंदे यांच्या घरी १७२५ मध्ये जन्मलेली ही कन्या माळव्याची स्वामिनी झाली.

दिवाण गंगाधर यशवंत यांना दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता आणि राघोबादादांचे त्यांना पाठबळ होते. अहिल्याबाईंनी प्रतिकाराची सिद्धता केली, त्याबरोबरच माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. विजय मिळाल्यावर मात्र त्यांनी सर्व सत्ता स्वतःपाशी राखली नाही. सैन्याचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी नर्मदातीरी महेश्वर येथे राजधानी केली.

राज्य श्रीशंकराचे आणि आपण त्याच्या आज्ञेने ते सांभाळणाऱ्या, ही त्यांची धारणा होती. म्हणून आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी त्या श्रीशंकराचे नाव घालीत. मालक वेगळा आहे असे एकदा मानले की हिशेब द्यावाच लागतो. सासू गौतमाबाई यांच्याकडून आलेली खासगीची मिळकत दौलतीच्या वसुलापासून वेगळी होती. देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून होत असे. काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद ही त्यांची कामे होळकरांच्या मुलखाबाहेरची. त्यांतून महसुलाचा एक रुपयाही परत येणार नव्हता. देव पाठीवर घेऊन नदीपार झालेल्या पूर्वजांच्या कथा ऐकत वाढलेल्या गोमंतकीयांना, उद्ध्वस्त देवस्थान पुन्हा उभे राहण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

देवभक्तीची खरी कसोटी मात्र देवळाबाहेर लागते. धार जिल्ह्यातील गंधवानी आणि तिच्या आसपासचा डोंगराळ मुलूख आजही भिल्ल-भिलालांचा आहे. विंध्य-सातपुड्याच्या अशा पट्ट्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची त्या काळी लूट होई. अहिल्याबाईंनी प्रथम सौम्य उपाय योजले. ते निष्फळ ठरल्यावर कठोर बंदोबस्त केला आणि काही म्होरक्यांना देहदंडही दिला. त्यांच्या कारकिर्दीचा हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु दंडावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ हा अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. त्याच्या बदल्यात पडीक जमीन लागवडीस आणण्याची आणि हद्दीत चोरी झाल्यास भरपाईची हमी घेतली. ज्यांना शिक्षा करण्याचे सामर्थ्य होते, त्यांचाही हक्क त्यांनी ओळखला.

त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने सर जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्यातील वृद्धांकडून त्यांची दिनचर्या जाणून घेतली. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे भोजन. दुपारी दोन ते सायंकाळी सहापर्यंत दरबार आणि रात्री पुन्हा काम. एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ रचला, तेव्हा तो ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकायला लावला, असेही माल्कमने नोंदवले आहे.

१७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सासऱ्यांनी आपल्याला जसे विनवले होते, तसे अहिल्याबाईंनी मुलीला विनवले. मुलीने ऐकले नाही. साऱ्या दौलतीवर जिची आज्ञा चाले, ती माता नर्मदेच्या काठी चितेपाशी हतबल उभी राहिली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पुढे लेकीच्या स्मरणार्थ वास्तू उभारली आणि पुन्हा त्याच दिनक्रमाला लागल्या. ज्याचे राज्य त्याने दुःख दिले म्हणून त्याची चाकरी त्यांनी सोडली नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी देह ठेवीपर्यंत ती अखंड चालू होती.