कर्मवीर दादासाहेब गायकवाड : तुरुंग भरणारा खासदार

सात रस्त्यावर रास्ता रोको झाला की तासाभरात वाहतूक सुरळीत होते. व्हिडिओ मात्र आठवडाभर फिरतो. मागणी काय होती, हे आपल्याच कार्यकर्त्यांना विचारून पाहा. अशा वेळी दादासाहेब आठवतात.

भाऊराव कृष्णराव गायकवाड १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या आंबे (ता. दिंडोरी) गावी जन्मले. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा त्यांनी वाहिली. दगड खाल्ले, तुरुंग भोगला. पाच वर्षांनीही दार उघडले नाही. आजच्या हिशेबाने ते आंदोलन फसले. पण १९३५ ची येवल्याची धर्मांतर घोषणा याच अनुभवातून आली, आणि पुढच्या लढ्याची माणसे याच रस्त्यावर तयार झाली.

नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहही बाजूला ठेवावा. मग त्यांच्या सर्वात विश्वासू सहकाऱ्याने, तेही लोकसभेचा खासदार असताना, १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह का उभारला? रिपब्लिकन पक्षातल्या वकील मंडळींना हे रुचले नव्हते. त्यांना त्यात कम्युनिस्टांचा वास येत होता. मला दादासाहेबांचे बरोबर वाटते. कायदा कागदावर होता, पडीक जमीन मात्र गावच्या पुढाऱ्यांच्या ताब्यात होती.

१९६४ ला त्यांनी आधी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे मागण्या मांडल्या : पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन, बौद्धांना सवलती, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र. यादी लेखी होती, मुदत ठरलेली होती. मग ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेल्याचे सांगितले जाते, त्यात शांताबाई दाणींसारख्या कितीतरी बाया. अडचण एसटीत बसलेल्या मजुराची झाली नाही, सरकारची झाली; कैदी ठेवायला जागा पुरेना. आपण नेमके इथेच चुकतो. रस्ता अडवून आपण आपल्यासारख्याच गरिबाचा रोज बुडवतो, आणि अटक झाली की संध्याकाळी सुटून घरी येतो.

फेब्रुवारी १९६५ मध्ये आश्वासनांवर सत्याग्रह थांबला. जमीन मिळाली ती अपुरी, आणि अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर नाव चढवायला आणखी झगडावे लागले. बौद्धांच्या केंद्रीय सवलती आणि सेंट्रल हॉलमधले तैलचित्र, दोन्ही १९९० साली झाले. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ ला गेले होते.