कप्तान महेंद्रनाथ मुल्ला ह्यांचें चरित्र

नरसी नामदेव येथें कयाधूच्या काठीं राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांनीं समुद्र पाहिला नसेल. तथापि विहिरींत हांक मारिली असतां ती परत ऐकूं येते, हें सर्वांस ठाऊक आहे. युद्धनौका पाण्याखालील पाणबुडीचा शोध ह्याच युक्तीनें, ध्वनि सोडून व प्रतिध्वनि ऐकून, करिते.

मुल्ला ह्यांचा जन्म १९२६ सालीं गोरखपूर येथें झाला. १९४८ सालीं ते आरमारांत अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धांत ते ‘खुकरी’ नौकेचे कप्तान होते. मुंबईहून निघून, ‘कृपाण’ नौकेसह, ते दीवजवळच्या समुद्रांत पाणबुडीच्या शोधांत असतां ९ डिसेंबरच्या रात्रीं ‘हंगोर’ ह्या पाकिस्तानी पाणबुडीनेंच त्यांस आधीं गांठिलें. प्रतिध्वनि नीट ऐकूं यावा म्हणून खुकरीचा वेग कमी ठेविला होता. ह्याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला. टॉर्पेडो नांवाचा पाण्याखालून धांवणारा सुरुंग लागतांच ती कांहीं मिनिटांत बुडाली.

तेवढ्या अवधींत मुल्ला ह्यांनीं लोकांस पाण्यांत उड्या घेण्यास लाविलें, व स्वतःचें तरंगण्याचें जाकीट एका खलाशास दिलें, असें वांचलेल्यांनीं सांगितलें. कप्तानानें जहाजाबरोबर बुडावें असा कांहीं कायदा नाहीं. त्यांस निघतां आलें असतें, असें आम्हांस वाटतें. ते निघाले नाहींत.

त्यांच्यासुद्धां १८ अधिकारी व १७६ खलाशी त्या रात्रीं गेले. सरकारनें मुल्ला ह्यांस मरणोत्तर महावीर चक्र दिलें. दीव येथें समुद्रासमोरील टेकाडावर खुकरीची लहान प्रतिकृति कांचेच्या घरांत ठेविली आहे.