काशारोच्या वीस ओळी

भूमध्य समुद्रातल्या माल्टा या चिमुकल्या बेटाची बोली मूळची अरबी वळणाची. पंधराव्या शतकात तिथे आरागॉनच्या राजाची सत्ता होती. कचेरीत लॅटिन आणि सिसिलियन चाले. माल्टी फक्त बोलायची, लिहायची नाही.

पिएत्रु काशारो हा याच कचेरीतला माणूस. १४३८ साली पालेर्मोला परीक्षा देऊन तो नोटरी झाला. पुढे गोझो आणि माल्टा या दोन्ही बेटांवर त्याने न्यायाधीश म्हणून काम पाहिले. १४८५ साली तो वारला.

या विद्वानाने वीस ओळींचे एक गीत मात्र घरच्या बोलीत रचले. विषय, पाया खचून कोसळलेले घर! त्याच्याच घराण्यातल्या ब्रान्दानो या नोटरीने ते १५३३-३६ च्या दप्तरात उतरवून ठेवले. आमच्या आयटीच्या भाषेत, बॅकअप घेतला! १९६६ साली वेटिंगर आणि फ्साद्नी या संशोधकांना ते सापडले. माल्टी भाषेतले आज उपलब्ध असलेले सर्वात जुने साहित्य तेच. २००४ पासून माल्टी ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे.

घरात मराठी बोलतो, तशी ती कागदावरही उतरायला हवी. यंदाच्या सुट्टीत आजीच्या गोष्टी आम्ही मुलांकडून मराठीतच लिहून घेणार आहोत. तुम्हीही घ्या!