सव्वीस पानांची रिबीन

मागच्या वर्षी हवाई दलाच्या निवडीत मी मुलाखतीपर्यंत पोचलो आणि मेडिकलला बाहेर पडलो. कारण काय, तर वजन कमी. (मेसची डाळ पिऊन दुसरं काय होणार!) त्या आठवड्यात लायब्ररीत विमानांची पुस्तकं उगाचच चाळत बसायचो. एका पुस्तकात माझ्यासारख्याच एका काडीपैलवानाचा फोटो सापडला. छातीवर मात्र पदकं मावत नव्हती. नाव जॉर्ज गिनमेर.

जन्म २४ डिसेंबर १८९४, पॅरिस. वडील माजी लष्करी अधिकारी. मुलगा लहानपणापासून आजारी, पण यंत्रांचं भारी वेड. फ्रान्समधली नामवंत इंजिनिअरिंग संस्था म्हणजे एकोल पॉलिटेक्निक. तिच्या प्रवेशाची तो तयारी करत होता, पण तब्येतीपायी ते राहून गेलं. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो भरतीला गेला आणि सैन्याने त्याला अशक्त म्हणून परत पाठवलं, तेही एकदा नव्हे! शेवटी नोव्हेंबर १९१४ मध्ये पो इथल्या विमानतळावर शिकाऊ मेकॅनिक म्हणून त्याला घेतलं. म्हणजे साहेब आत शिरले ते वर्कशॉपच्या दारातून. पुढच्या काही महिन्यांत तो विमान उडवायला शिकला आणि जून १९१५ मध्ये 'करकोचे' या नावाने पुढे गाजलेल्या तुकडीत दाखल झाला.

१९ जुलै १९१५ ला त्याने पहिलं जर्मन विमान पाडलं. विमान दोन आसनांचं होतं आणि मागे मशीनगनवर गेर्देर नावाचा मेकॅनिक होता. दोघांनाही 'मेदाय मिलितेर' हे पदक मिळालं. ते मुख्यतः साध्या सैनिकांचं आणि हवालदार वर्गाचं पदक. मेकॅनिकला तेच पदक मिळालं, हे वाचून मेकॅनिकलवाल्यांची कॉलर ताठ व्हायला हरकत नाही.

आता फ्रेंच पदकांचा हिशोब समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्सने 'क्रॉआ द गेर', म्हणजे युद्धक्रूस, सुरू केला. एखाद्याने पराक्रम केला की वरिष्ठ त्याचं नाव आणि कामगिरी दोन-चार ओळींत लष्करी आदेशात छापत. हे झालं प्रशस्तिपत्र. ते कुठल्या पातळीवरून निघालं हे रिबिनीवर दिसायचं. रेजिमेंट किंवा ब्रिगेडचं असेल तर ब्राँझचा तारा, डिव्हिजनचं असेल तर चांदीचा, कोअरचं असेल तर सोन्याचा मुलामा दिलेला आणि थेट आर्मीचं असेल तर ब्राँझचं ताडपान. क्रूस एकच, पण प्रत्येक नव्या प्रशस्तीला रिबिनीवर नवी खूण. गिनमेरच्या रिबिनीवर सव्वीस पानं होती! शिवाय आपल्या लताबाईंना फ्रान्सने दिला तो 'लीजन ऑफ ऑनर' त्याला एकविसाव्या वाढदिवशीच मिळाला होता.

त्याच्या नावावर अधिकृत त्रेपन्न विमानं आहेत. २५ मे १९१७ ला एका दिवसात चार! पण मला जास्त भावलं ते त्याचं डिझाइन. स्पॅड विमानाचे रचनाकार लुई बेशरो यांच्या मागे लागून त्याने विमानात ३७ मिलिमीटरची तोफ बसवून घेतली. गिअर लावल्यामुळे इंजिनाचा क्रँकशाफ्ट खाली आणि पंख्याचा शाफ्ट वर गेला. तो शाफ्ट पोकळ ठेवला आणि तोफेची नळी त्यातूनच बाहेर काढली. त्रास एवढाच की प्रत्येक गोळा हाताने भरायचा आणि कॉकपिट धुराने भरायचं.

प्रशस्तिपत्रात काय येत नाही? मार्च १९१६ मध्ये व्हर्दँजवळ त्याच्या चेहऱ्याला आणि हाताला गोळ्या लागल्या. सप्टेंबरमध्ये तर फ्रेंचांच्याच तोफेने त्याचं विमान पाडलं. तो सात-आठ वेळा असा कोसळला. १९१७ च्या उन्हाळ्यात तब्येत ढासळली होती, झोप नव्हती. जवळचे लोक सांगत होते, आता पुरे, नवीन मुलांना शिकव. त्याच्या चरित्रात असं येतं की, सगळी पदकं मिळाली म्हणून आता लढत नाही असं लोक म्हणतील, याचीच त्याला धास्ती होती. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. सव्वीस पानं मिळवणाऱ्याला ती पानंच खाली बसू देत नव्हती!

११ सप्टेंबर १९१७ च्या सकाळी तो बेल्जियमच्या हद्दीत पुलकापेले गावाजवळ एका जर्मन विमानावर झेपावला. सोबतचा वैमानिक दुसऱ्या विमानांकडे वळला, आणि परत येऊन पाहतो तो गिनमेर नाही. जर्मनांना त्याचा मृतदेह सापडला होता, पण तोफांच्या माऱ्यात ती जागाच उद्ध्वस्त झाली. वय बावीस. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना सांगायचे की तो इतका उंच गेला की त्याला खाली येता आलं नाही. त्याचं शेवटचं प्रशस्तिपत्र फ्रेंच हवाई दलाच्या तळांवर आजही दर ११ सप्टेंबरला वाचतात. त्यात पराक्रम आहे, थकवा नाही.

पुढच्या महिन्यात माझं पुन्हा मेडिकल आहे. वजन दोन किलो वाढलंय. भरतीवाल्यांनी नाही म्हटलं तरी पुन्हा जायचं, हे गिनमेरकडून घेतलं. पण आपली माणसं "आता थांब" म्हणतील तेव्हा थांबायचं, हे त्याला जमलं नाही. तेवढं मात्र माझं मलाच शिकावं लागणार.