डाव्या हाताने लिहिलेला ग्रंथ

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, पुसेगावजवळ, कटगुण नावाचे गाव आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे तिथले. आडनाव गोऱ्हे, पुण्यात पेशव्यांना फुले पुरवता पुरवता ते फुले झाले. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, तेही सातारा जिल्ह्यातलेच. १८४८ची मुलींची शाळा, 'गुलामगिरी', सत्यशोधक समाज हे सारे आपल्या घरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. मला मात्र जोतीरावांच्या अखेरच्या अडीच वर्षांचे नवल अधिक वाटते.

११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैत, पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे उजवे अंग लुळे पडले. वय एकसष्ट. ज्या हाताने लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा फिरवला, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो हातच गेला. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करीत होते. घरात पैशाची ओढाताण होती. ठेकेदारीतली कमाई कधीच समाजकार्यात गेली होती. पुढे मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला.

जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. साठी उलटलेल्या माणसाने पुन्हा अक्षर वळवायचे, तेही एखादे पत्र लिहिण्यापुरते नव्हे, तर अख्खा ग्रंथ लिहिण्यासाठी! 'सार्वजनिक सत्यधर्म' १८८९मध्ये असाच लिहून पुरा झाला.

ही गोष्ट आमच्याकडे इतकी रुजलेली, की सांगलीच्या माझ्या मामांना उजव्या बाजूचा झटका आला तेव्हा मामींनी लगेच चमचा त्यांच्या डाव्या हाती दिला. फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र तो काढून घेतला. त्यांचे म्हणणे असे, की उजवे अंग मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात असते; तिथे इजा झाल्यावर माणूस चांगल्या हातावर भागवतो आणि दुबळा हात वापराविना आणखी विसरत जातो. म्हणून मामांच्या डाव्या हातावर जाड मोजा चढला आणि उजव्याने वाटी उचलणे, मणी वेचणे, गुंड्या लावणे सुरू झाले. रोज, तासन् तास. मामा चिडत, मामी डोळे पुसत.

ही पद्धत एडवर्ड टाऊब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घडवली. २००६ साली तिथेच २२२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेल्यांचा हात दोन आठवड्यांच्या अशा सरावाने, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. अर्थात मनगट आणि बोटे थोडी तरी हलत असतील तरच हे जमते. आपल्या चेन्नईत वैद्यक शिकलेल्या विलयनूर रामचंद्रन यांनी आरशाचा उपायही सुचवला आहे. चांगल्या हाताचे आरशातले प्रतिबिंब पाहत सराव करायचा, म्हणजे मेंदूला दुबळा हातच हलल्याचा भास होतो.

जोतीरावांच्या काळी यातले काहीच नव्हते. त्यांच्या उजव्या हाताला शिकवणारे कोणी भेटले असते तर, असे मला राहून राहून वाटते. पण लिहायचे बाकी होते आणि वेळ थोडा होता. त्यांनी हाताशी होता तो हात कामाला लावला, त्यात मला तरी काही चुकले असे दिसत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात ते गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. ग्रंथ छापलेला पाहणे जोतीरावांच्या नशिबी नव्हते. तो दत्तक पुत्र यशवंत यांनी १८९१मध्ये प्रसिद्ध केला.